सासऱ्याचं नाव न घेता इंग्रजी

किर्गीझ डोंगरांतल्या कोचकोर गावात म्हाताऱ्या सारीबायला ओळखत नाही असं माणूस नाही. बाजारात मीठ विकणारी बाई "सारीबाय, या वेळी पैसे सुटे आणलेत का?" म्हणून ओरडते. पोस्टमन घोड्यावरून न उतरता कुंपणापलीकडून "सारीबाय!" अशी आरोळी ठोकतो आणि पत्र अंगणात फेकतो. सारीबायची बायको, म्हणजे घरातल्या सगळ्यांची अपा, दिवसातून चाळीस वेळा ते नाव घेते आणि त्यातल्या अडतीस वेळा भांडायला. म्हाताऱ्याला ऐकू जरा कमी येतं, पण स्वतःचं नाव तो तीन भिंतींपलीकडून ऐकतो.

सगळं गाव घेतं ते नाव एकच माणूस घेत नाही. त्याची सून झूराकान.

सव्वीस वर्षांपूर्वी डोक्याला पांढरा रुमाल बांधून ती या घरात आली तेव्हाच आईने तिला बजावलं होतं, सासऱ्याचं नाव ओठांवर आणायचं नाही. नुसतं नावच नव्हे, नावात जे शब्द असतील तेही नाहीत. आता 'सारी' म्हणजे पिवळा आणि 'बाय' म्हणजे श्रीमंत. झालं, पोरगी लग्नाच्या दिवशीच दोन शब्दांना मुकली. श्रीमंत या शब्दावाचून तिचं फारसं काही अडलं नाही, त्या घरात तो विषय निघतच नसे. पण पिवळा! झूराकानचा धंदा शिर्डाकचा, म्हणजे लोकरीच्या नक्षीदार गालिच्यांचा. लोकर भिजवून, लाटून, थापून जाड नमदा करायचा, तो रंगवायचा, त्यातून मेंढ्याच्या शिंगांसारखी नक्षी सुरीने कापायची आणि दोन रंग एकमेकांत बसवून शिवायचं. पिवळ्याचं नाव न घेता हा धंदा करणं म्हणजे मीठ न म्हणता स्वयंपाक शिकवणं. मग ती 'जर्दाळूच्या रंगाचं' म्हणू लागली. रंगवायला येणाऱ्या बायका पहिल्या वर्षी गोंधळल्या, दुसऱ्या वर्षी सरावल्या, आणि आता त्या गल्लीतल्या पोरांची अशी समजूत आहे की पिवळा हा शाळेतला रंग आणि जर्दाळू हा घरातला.

हल्लीच्या सुना हे काही पाळत नाहीत. शेजारची परवा आलेली सून सासऱ्याला फोनवर नावाने हाक मारून वर "ऐकू येतंय का?" असंही विचारते. झूराकानला कुणी म्हणालं, "अगं, आता कोण पाळतं हे?" की ती हसून लोकर लाटायला लागते. तिच्यावर कुणाचा धाक नव्हता. तिच्या पहिल्या हिवाळ्यात, पहाटे उठून चूल पेटवायचं काम नव्या सुनेचं असताना, म्हातारा तिच्याआधी उठून चूल पेटवून ठेवायचा आणि परत पांघरुणात शिरून घोरल्याचं सोंग करायचा. अपाला वाटायचं, सून मोठी कामाची. सबंध हिवाळा हे चाललं आणि दोघांपैकी कुणीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. अशा माणसाचं नाव आपण उगाच कशाला वापरून झिजवावं, असं झूराकानला वाटायचं. ती त्याला 'आताके', म्हणजे बाबा, म्हणायची, आणि तेवढं पुरत होतं.

शिर्डाक करणाऱ्या अकरा बायकांचा एक गट होता. परदेशातून गिऱ्हाइकं पत्रं पाठवायची, म्हणून तीन वर्षांपूर्वी गटाने फोनवरून इंग्रजीचा वर्ग सुरू केला आणि शिकवायला मुकाश अगायला धरलं. अगाय म्हणजे आमच्याकडे गुरुजी. मुकाश अगायने कोचकोरच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, आणि या एकतीस वर्षांत त्याला एकही इंग्रज भेटला नव्हता. एकदा एक सायकलवाला गोरा चौकात रस्ता विचारत उभा होता, तेव्हा अगाय मटणाच्या दुकानात शिरला आणि नको असलेलं दोन किलो मटण घेऊन मागच्या दाराने घरी गेला, असं लोक सांगतात. अगाय म्हणतो, एकच किलो होतं.

व्याकरणात मात्र त्याचा हात धरणारा माणूस सगळ्या नारिन प्रांतात नव्हता. रोज सकाळी तो वहीतल्या पानाचा फोटो वर्गाला पाठवायचा, बायका रिकाम्या जागा भरून पाठवायच्या, आणि संध्याकाळी लाल शाईच्या खुणा परत यायच्या. वर्ग चालायचा तो असा, विहिरीच्या तळासारखा शांत. अगायला तो फार आवडायचा.

आणि त्या वर्गात झूराकान पहिली. लिहायला तिला कुठलाच शब्द वर्ज्य नव्हता. आईने ओठांबद्दल सांगितलं होतं, बोटांबद्दल नाही. शिवाय इंग्रजीने तिला एक गंमत दिली होती. 'यलो' हा शब्द शिकली त्या दिवशी ती गोठ्यात गेली आणि गाईला दहादा म्हणाली, "यलो, यलो, यलो." लग्नानंतर पहिल्यांदा तिने त्या रंगाला थेट नावाने हाक मारली होती. गाय काळी होती, पण तिने काही मनावर घेतलं नाही.

त्या वसंतात गटाला पत्र आलं. स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा गावी लोकरीचा मेळा भरायचा होता. गटातल्या एका बाईला नऊ दिवस बोलावू, जायचा-यायचा खर्च आमचा, पण बाईला गिऱ्हाइकांशी स्वतः बोलता आलं पाहिजे. दोन महिन्यांनी फोनवर समोरासमोर बोलून बघू. जमलं नाही तर जागा दुसऱ्या देशाला जाईल.

बाकीच्या दहा बायकांनी दहाही मतं झूराकानला दिली. अकरावं तिचं स्वतःचं, ते तिनेही लाजत लाजत स्वतःलाच दिलं, कारण तिला जायचं होतं. फार जायचं होतं. तिचे शिर्डाक चौदा देशांत गेले होते आणि त्यातला एकही उलगडताना बघणाऱ्याचं तोंड कसं होतं, हे तिने पाहिलं नव्हतं. पैसे यायचे, आभाराच्या ओळी यायच्या. पण तिला ते तोंड बघायचं होतं. आठ महिने सुई चालवलेल्या बाईला एवढी हाव असणारच.

"मग आता आपल्याला बोलायला लागेल," मुकाश अगायने वर्गाला लिहून कळवलं. लिहूनच. "यापुढे वर्गात बोलणं आणि ऐकणं यांचा सराव वाढवण्यात येत आहे. दर शुक्रवारी चार वाजता सर्वांनी फोन चालू ठेवून तोंडाने हजर राहावे."

पहिल्या शुक्रवारी अकरा बायका तोंडाने हजर राहिल्या, आणि कुणीही ते तोंड उघडलं नाही. दहा मिनिटं नुसत्या कोंबड्या ऐकू येत होत्या. शेवटी अगायने घसा साफ केला आणि शाळेत एकतीस वर्षं रोज सकाळी म्हटलेलं वाक्य म्हटलं, "आज वर्गावर देखरेख कुणाची आहे?" कुणाचीच नव्हती. "गैरहजर कोण?" कुणीच नव्हतं. इथे अगायचं बोलायचं इंग्रजी संपलं.

"तर आता आपण ऐकू या," तो किर्गीझमध्ये म्हणाला आणि शाळेतून निवृत्तीच्या दिवशी उचलून आणलेला टेपरेकॉर्डर त्याने फोनला लावला. टेप माणसापेक्षा जास्त खोकणारी होती. खरखरीतून एक पुरुष आणि एक बाई निघाली. दुकान होतं, पुरुषाने बाईच्या पायावर पाय दिला.

"सॉरी!" पुरुष म्हणाला.

"हां, आलो!" बाजूच्या खोलीतून आवाज आला, आणि म्हातारा सारीबाय एका पायात बूट घालून दारात उभा राहिला. "कोण बोलावतंय?"

"कुणी नाही, आताके. टेप आहे," झूराकान म्हणाली.

"मला ऐकू कमी येतं, खुळा नाहीये मी. कुणीतरी हाक मारली."

टेपवरच्या पुरुषाने सामान घेतलं, पुन्हा त्याच बाईला धडकला, आणि म्हणाला, "सॉरी! बाय!"

"हे बघ! आता पूर्ण नाव घेतलं!" म्हातारा बसलाच. "कोण आहे हा? आवाज ओळखीचा नाही. काय काम आहे म्हणतो?"

अपा चुलीपाशी पीठ मळत होती. ती म्हणाली, "विलायतेहून आहे. तू ऐंशी सालात सरकारी मेंढ्यांची गणती चुकवलीस, त्याची चौकशी आली असेल."

"कोयचू, पुरे! त्या मेंढ्या लांडग्याने नेल्या."

"लांडगा दोन पायांचा होता, सारीबाय, आणि त्याने माझ्या भावाच्या लग्नात जेवण केलं."

फोनमधून दहा बायकांचं हसू फुटलं. आपण बोलायच्या तासाला बसलोय हे त्या विसरल्या. टेपच्या खरखरीत मुकाश अगायला नुसतं ते हसूच ऐकू आलं आणि तो "इंग्रजीत हसा, इंग्रजीत!" असं ओरडत होता.

पण त्या दिवशी झूराकानला खरी अडचण कळली. इंग्रजांचं तोंड उघडतं ते 'सॉरी'ने आणि मिटतं ते 'बाय'ने, हे तिला तोवर नुसतं दिसलं होतं; आता ऐकू आलं. त्यात विकत घेण्यालाही ते 'बाय'च म्हणतात. म्हणजे मेळ्यात शिर्डाक विकायला उभं राहायचं, आणि दिवसभर सासऱ्याच्या नावाने दुकान चालवायचं.

पुढचे तीन शुक्रवार ती ते दोन शब्द टाळत राहिली. अगाय वैतागला. लिहिण्यात पहिली येणारी बाई बोलण्यात शेवटून पहिली.

"झूराकान, म्हण बरं, मला उशीर झाला, सॉरी."

"मला उशीर झाला," झूराकान म्हणाली.

"आणि पुढे?"

"आणि मला वाईट वाटतंय."

"एका शब्दात म्हण!"

"एका शब्दात मावण्याइतकं कमी वाईट वाटत नाहीये, अगाय."

चौथ्या शुक्रवारी अगाय तावातावाने घरीच आला. अंगणात म्हातारा कालपाक, म्हणजे लोकरीची उंच टोपी, डोळ्यांवर ओढून ऊन खात बसला होता. अगाय लांबूनच ओरडला, "सारीबाय, तुझी सून आहे का घरात?" आणि स्वतःच्याच तोंडातून निघालेला तो शब्द ऐकून कुंपणाशी खिळून उभा राहिला. त्याने तो पुन्हा हळू म्हणून पाहिला. मग दोन तुकड्यांत म्हणून पाहिला.

"काय झालं रे? उचकी लागली?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एकतीस वर्षं हा शब्द मी पोरांकडून घोकून घेतोय," अगाय म्हणाला, "आणि चाळीस वर्षं तुझ्याबरोबर पत्ते खेळतोय. दोन्ही एकच आहेत हे मला कधी ऐकू आलं नाही."

झूराकान दारात लाल होऊन उभी होती. अगायने तिला जवळ बोलावलं. "बरोबर आहे तुझं. माझ्या बायकोनेही माझ्या बापाचं नाव कधी घेतलं नाही. अर्थात तो होताच तसा. पण आता जायचंय ना तुला?"

"जायचंय, अगाय."

"ती परकी भाषा आहे गं पोरी. तिथे तो शब्द म्हणजे आताके नव्हे."

"माझ्या तोंडात तोच होतो. जीभ काही दोन नाहीत."

अगायने बराच वेळ बूट मातीत घासला. मग खिशातून लाल पेन काढलं. त्याने तिला तीन तोडगे लिहून दिले. सॉरीला पार्डन. बाय, निरोपाचं, त्याला सी यू. आणि विकत घेण्याच्या बायला पर्चेस. "हा शब्द फक्त सरकारी कागदात असतो, पण शिर्डाक काही भाजी नव्हे, सरकारी थाटात विकला तर बिघडलं कुठे?"

त्यानंतर झूराकान बोलू लागली. दूध काढताना बोलली, लोकर लाटताना बोलली, नवरा एर्मेक जेवायला बसला की त्याला म्हणाली, "कृपया हे सूप पर्चेस करावे." शुक्रवारच्या वर्गात बाकीच्या बायकाही सुटल्या. अगाय टेप बंद करून स्वतः दुकानदार व्हायचा, बायका गिऱ्हाइकं व्हायच्या आणि त्याच्याशी इतकी घासाघीस करायच्या की एकदा त्याने नसलेली गाय तोट्यात विकली.

बोलायची परीक्षा एका मंगळवारी दुपारी होती. झूराकानने भिंतीवर आपला सगळ्यात चांगला शिर्डाक टांगला, फोन बोर्सोकच्या, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांच्या, डब्याला टेकवला आणि समोर बसली. चुलीच्या कोपऱ्यात, फोनला दिसणार नाही असा, अगाय बसला होता. त्याने साठ प्रश्न आणि साठ उत्तरं तयार करून घेतली होती. म्हाताऱ्याला सांगितलं होतं की बाहेर बस. पण माझ्या घरात परदेशातून पाहुणा बोलणार आणि मी गोठ्यात बसणार का, असं म्हणून तो नवा कोट आणि पांढराशुभ्र कालपाक घालून बरोबर शिर्डाकखाली, सुनेच्या मागे येऊन बसला. फोटो काढायला बसतात तसा, श्वास रोखून.

फोनमध्ये पिकल्या केसांची, गालांवर ठिपके असलेली एक बाई आली. तिचं नाव आयल्सा. तिचं इंग्रजी टेपवरच्या इंग्रजीसारखं नव्हतं. दगडांवरून पाणी पळावं तसं ते पळत होतं. झूराकानने दोनदा "पार्डन" म्हटलं आणि तिसऱ्यांदा तिला लय सापडली. लोकर कुठून येते? आमच्या मेंढ्यांची. किती दिवस लागतात? आठ महिने. हा रंग कशाचा? "यलो," झूराकान म्हणाली, आणि तो शब्द ती इतक्या प्रेमाने म्हणाली की आयल्साने तो कागदावर लिहून घेतला. कोपऱ्यात अगाय बोटांवर मोजत होता, एकोणीस, वीस, एकवीस. सगळे प्रश्न त्याच्या साठांतले.

"छान," आयल्सा म्हणाली. "आणि तुमच्या मागे बसलेले ते रुबाबदार गृहस्थ कोण?"

"माझे सासरे."

"वा. काय नाव त्यांचं?"

अगायने डोळे मिटले. पुस्तकातल्या पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न, इतका सोपा की साठांत घेतला नव्हता. आणि त्याला पर्यायी शब्द नव्हता.

झूराकान गप्प. आयल्सा हसून थांबली. मग तिने प्रश्न सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारला. आयल्साच्या चेहऱ्यावर जराशी दया दिसू लागली आणि तिची नजर खाली कागदाकडे वळली. पाठ केलेली उत्तरं तेवढी येतात, साधा प्रश्न कळत नाही, असं ती आता लिहिणार हे झूराकानला लख्ख दिसलं. दोन अक्षरी दोन शब्द. म्हटले की स्कॉटलंड. तिने मागे वळून पाहिलं. म्हातारा अजून श्वास रोखून बसला होता, कालपाक एका कानावर कलला होता.

"तुमचा प्रश्न मला कळला," झूराकान फोनकडे वळून म्हणाली. तिला आता व्याकरण आठवत नव्हतं, अगायचे साठ कागदही आठवत नव्हते. "नाव मला माहीत आहे. मी म्हणत नाही. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. सव्वीस वर्षं मी घेतलं नाही. तो चांगला माणूस आहे. म्हणून."

आयल्साचं पेन थांबलं. "कधीच नाही?"

"कधीच नाही. पण तुम्ही म्हणू शकता. मी मदत करते. तुम्ही माझ्या पायावर पाय दिला. तुम्ही काय म्हणाल?"

"सॉरी?"

"हे अर्धं. आता तुम्ही घरी निघालात. हात हलवता. काय म्हणता?"

"बाय?"

"आता दोन्ही एकत्र."

"सॉरी... बाय?" आयल्सा म्हणाली.

"हां! मीच!" म्हाताऱ्याने रोखलेला श्वास सगळा एकदम सोडला, उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि फोनला लवून नमस्कार केला.

आयल्सा इतकी हसली की फोनमधून काही क्षण तिचं नुसतं छत दिसत होतं. मग ती परत आली आणि कागद बाजूला सारून बोलायला लागली. तिचे आजोबा मासेमार होते. बोटीवर साल्मन माशाचं नाव घ्यायची बंदी होती. 'तांबडा मासा' म्हणायचं, नाहीतर समुद्र रागावतो. आजोबा घरी जेवतानाही तांबडा मासाच म्हणायचे. झूराकानने विचारलं, मग समुद्र ऐकायचा का? आयल्सा म्हणाली, आजी ऐकायची, ती समुद्रापेक्षा वाईट. झूराकानने तिला जर्दाळूच्या रंगाचं सांगितलं. आयल्साने विचारलं, घरात आग लागली आणि सासऱ्याला उठवायचं असेल तर? झूराकान म्हणाली, "अपाला उठवायचं. ती त्यांना गेली साठ वर्षं उठवतेय." दहा मिनिटांची परीक्षा पन्नास मिनिटं चालली. झूराकानच्या क्रियापदांचे काळ एकमेकांच्या अंगावर पडत होते, आणि कोपऱ्यात अगायचा लाल पेनवाला हात दोनतीनदा उचलला गेला. मग त्याने पेनाला टोपण लावलं आणि नुसता ऐकत बसला.

जाण्याचं पत्र नवव्या दिवशी आलं. घरात पहिला प्रश्न निघाला तो गाईचा.

"नऊ दिवस दूध कोण काढणार?" अपाने विचारलं.

"मी," एर्मेक म्हणाला.

"ती तुला ओळखत नाही."

"रोज चारा मी घालतो, अपा!"

"ती चाऱ्याला ओळखते."

शेवटी ठरलं की एर्मेकने आधी आठवडाभर बायकोचा रुमाल डोक्याला बांधून सराव करायचा. त्याने तो केला, आणि ते बघायला गटाच्या दहाही बायका रोज काहीतरी निमित्त काढून यायच्या.

निघायच्या सकाळी अंगणात गाडी उभी होती. मागच्या सीटवर कापडात शिवलेले सहा शिर्डाक, त्यावर बोर्सोकची पिशवी, कारण स्कॉटलंडमध्ये खायला मिळत असेल यावर अपाचा विश्वास नव्हता. मुकाश अगाय व्याकरणाचं एक पातळ पुस्तक घेऊन आला होता, पण ते त्याने खिशातच ठेवलं. झूराकानने सासूचा हात हातात घेतला, मग सासऱ्यापुढे वाकली.

म्हाताऱ्याने दोन्ही हात उघडून समोर धरले. सगळ्यांनी धरले, ड्रायव्हरनेही स्टिअरिंगवरून काढून धरले. म्हातारा सुनेसाठी आशीर्वाद मागू लागला. वाट मोकळी असो. गाडीची चाकं चारही शाबूत राहोत. घाटात पलीकडून येणाऱ्या ट्रकवाल्याला झोप न लागो. विमान चालवणाऱ्याने रात्री नीट जेवलेलं असो. माझ्या पोरीचे शब्द तिला वेळेवर सापडोत आणि समोरच्याला समजोत. त्या बाईच्या आजोबांना जिथे असतील तिथे शांती मिळो. ड्रायव्हर म्हणाला, "आताके, विमान सुटेल." अपा म्हणाली, "सुटू दे, मागायला लागला की हा थांबत नाही." झूराकान हात पसरून, मान खाली घालून हसू दाबत उभी होती आणि तिला कसलीही घाई नव्हती. म्हातारा डोळे मिटून तोवर समुद्रापलीकडे पोचला होता आणि स्कॉटलंडच्या मेंढ्यांना यंदा जुळी होवोत असं मागत होता.